एका रेघेनं खोडलेलं

पेंढारकर मॅडमनी माझ्या हातातलं खोडरबर काढून घेतलं आणि घाटाच्या कठड्यावरून खाली दरीत भिरकावून दिलं.

"बाकीच्यांचीही काढा," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीच्या मागं असतात ती इवली इवलीसुद्धा."

आम्ही दहा जण रस्त्याच्या कडेला उभे होतो. भूशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, तामकडा घाटातला पहिला दिवस, पाठीवर सॅक आणि हातात कोऱ्या करकरीत हातोड्या. तृप्ती वाघचौरे, माझी होस्टेलमधली पार्टनर, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मागं पाटी आहे, दरीत कचरा टाकू नये. दाखवू का त्यांना?"

"ऐकू येतं मला, वाघचौरे," मॅडम वळूनही न बघता म्हणाल्या. "ती पाटी मीच अर्ज करून लावून घेतलीय. आणा ते खोडरबर."

सगळे हसले. तृप्तीनं मुकाट्यानं दिलं. बाकीची मात्र दरीत न जाता मॅडमच्या पर्समध्ये गेली.

मग त्या कठड्यावर बसल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, सुती साडीवर पुरुषी शर्ट आणि पायात बूट. "लहानपणापासून तुमच्या दोन वह्या," त्या म्हणाल्या. "रफ आणि फेअर. रफमध्ये तुम्ही असता, फेअरमध्ये तुमचं अक्षर असतं. मी रफ तपासते. इथं जे दिसेल ते इथंच लिहायचं, उन्हात, उभ्यानं. चुकलं असं कळलं की एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख, आणि काय दिसलं म्हणून खोडलं ते. कारण असलेल्या प्रत्येक रेघेला मार्क आहे. एकही रेघ नसलेली वही आली तर मी समजेन, पोरगी घाटात आलीच नाही."

"आणि पोरगा, मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं.

"पोरगा आला होता, पण खाली टपरीवर बसला होता."

असं शिकवणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. वर्गात त्या दगड हातात द्यायच्या आणि नाव सांगायच्या नाहीत. जिभेला लावून बघा म्हणायच्या. चाचणीत प्रत्येक उत्तरापुढं लिहायचं असायचं, खात्री किती आणे. सोळा आणे लिहिलं आणि चुकलं तर उत्तराचे गुण जायचेच, वर आणखी एक जायचा. चार आणे लिहून चुकलं तर जादा काही जायचं नाही. आमच्या गावाकडच्या कॉलेजात चुकणं म्हणजे उभं राहणं होतं. मी बी.एस्सी.ची तीन वर्षं हात वर न करता काढली होती. इथं पहिल्या सत्रात मी एका उत्तरापुढं 'दोन आणे' लिहिलं, उत्तर चुकलं, आणि मॅडमनी वहीत शेजारी लिहिलं, 'हे दोन आणे खरे आहेत.' ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल ते सांगायला आज लाज वाटते.

घाटातलं काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. एकावर एक, भाकऱ्या रचाव्यात तसे. दोन थरांच्या मध्ये कधी कधी भाजलेल्या मातीचा लाल पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती साठली, मग दुसरा येऊन तिला भाजून गेला. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत जायचं आणि थर मोजायचे. चार दिवस. प्रत्येकानं आपलं आपण.

पहिल्या दिवशी मी नऊ मोजले. तृप्तीनंही नऊ. सगळ्यांनीच नऊ.

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सुमाराला, मी दुसऱ्या वळणावर पुन्हा गेले. खरं तर पाणी प्यायला सावली शोधत गेले होते. तिथल्या लाल पट्ट्याला टेकून बसले, तर पाठीला माती लागली. भाजलेली माती अशी सुटत नाही. मी भिंग काढलं. त्या लाल मातीत काळे कोनेदार दगड अडकलेले होते, आणि त्यांतल्या एकावर सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी. हा थर नव्हताच. रस्ता फोडताना वरच्या पट्ट्याची दरड इथं येऊन बसली होती आणि नंतर आवळून गेली होती. दुसरा आणि तिसरा थर वेगळे नव्हते. एकच होता.

म्हणजे माझ्या वहीतला तिसरा दुसरा झाला, चौथा तिसरा झाला, आणि माथ्यापर्यंत सगळे आकडे खोटे ठरले. मी तिथंच मांडी घालून बसले. साडेचार पानं. प्रत्येक आकड्यावर एक रेघ, शेजारी तारीख, शेजारी कारण. वहीवर घाम पडत होता, लाल हाताचे ठसे उमटत होते. मला इतका आनंद झाला होता की मी बहुधा गुणगुणत होते.

मॅडम कधी मागं येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी वही घेतली. पहिल्या पानापासून वाचली. मग जाऊन त्या पट्ट्याला स्वतः नख लावून पाहिलं.

"मी दरवर्षी मुलांना इथं आणते," त्या म्हणाल्या. "हे वळण बघायला कुणी परत येत नाही."

"मी पाणी प्यायला आले होते मॅडम."

"मग ते लिही वहीत. पाणी प्यायला आले, म्हणून दिसलं."

मी लिहिलं. त्या हसल्या आणि शेजारी बसल्या. त्यांच्या डब्यातल्या दोन दशम्यांपैकी एक त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी खात असताना म्हणाल्या, "पुढं काय करणार आहेस?"

मी सांगितलं. बी.एड.ला नंबर लागला होता. गावापासून एसटीनं तासाभरावरचं सरकारी कॉलेज, पहिल्याच यादीत. पंधरा तारखेपर्यंत जाऊन जागा पक्की करायची होती. नाना, म्हणजे माझे वडील, गावातल्या पोस्टात होते. त्यांनी कॉलेज लांबून बघूनही ठेवलं होतं.

"शिक्षिका व्हायचंय तुला?"

"नाही," मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकून नवल वाटलं.

"माझ्या प्रकल्पात सहायकाची एक जागा आहे. दोन वर्षं. असेच घाट, असेच दगड. पुढं पीएच.डी. विद्यापीठाचा नियम आहे, क्षेत्रकार्यात जिला सगळ्यांत जास्त मार्क, तिला ती जागा. पंचवीसपैकी मार्क, मी आणि बाहेरचे परीक्षक मिळून." त्यांनी माझी वही माझ्या मांडीवर ठेवली. "बी.एड.चा नाद सोड."

"नक्की, मॅडम?"

"सोळा आणे," त्या म्हणाल्या.

खाली मुक्कामाच्या शाळेत परतल्यावर मी तृप्तीला सांगितलं. दुसऱ्या वळणाचं. जागेचंही. तिनं मला मिठी मारली. "बये, तू नशीब काढलंस! आणि मला आधी सांगितलंस ना? बाकीच्यांना नको सांगूस, आपल्या दोघींचेच आठ." दुसऱ्या दिवशी मी तिला तिथं नेऊन दरड दाखवली. तिला पटकन कळलं. ती हुशारच होती.

नानांना फोन केला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ते सरकारी कॉलेज परत मिळायचं नाही, बरं का बाई. पोरी वर्ष वर्ष वाट बघतात."

"मॅडमनी स्वतः सांगितलंय, नाना."

"मग झालं. एवढी शिकलेली बाई सांगते म्हणजे विचार करूनच सांगत असेल." थोडं थांबून म्हणाले, "दगडांचं असतं का पण नोकरीत काही?"

"असतं नाना."

"बरं बरं. मी आपलं विचारलं."

पंधरा तारीख आली आणि गेली. त्या दिवशी मी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते, आणि मुद्दाम घड्याळ बघत नव्हते.

व्हायवाच्या आधीच्या सोमवारी मॅडमनी मला तळमजल्यावरच्या कोठीत पाठवलं, घाटातून आणलेल्या नमुन्यांवर क्रमांकाच्या पट्ट्या चिकटवायला. एकटीलाच. दुपार तिथं गेली. वर आले तर वर्ग सुटलेला होता. "काय शिकवलं?" मी तृप्तीला विचारलं.

"काही नाही गं. असंच. परीक्षेच्या सूचना."

त्या आठवड्यात ती रूमवर फारशी दिसली नाही. लायब्ररीत बसते म्हणाली, पंख्याखाली बरं वाटतं. तिच्या मधल्या बोटाला शाई लागलेली होती. मी तिला म्हटलंसुद्धा, एवढं काय लिहितेस गं, हात दुखेल. ती म्हणाली, नोट्स. मी तिला चहा करून दिला.

गुरुवारी व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक डॉ. सबनीस, पांढरे शुभ्र कपडे, खिशाला तीन पेनं. एकेकाला आत बोलवत होते. माझा नंबर शेवटून दुसरा. आत गेले तर टेबलावर वह्यांचा गठ्ठा. तपकिरी कागदाची कव्हरं, वर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव. कुठंही चिखल नाही. मी माझी वही पुढं केली. आदल्या दिवशी चिकटवलेलं तिचं एक पान पुन्हा सुटलं होतं, ते मी आत नीट सारलं. शेजारी मॅडम बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून.

सबनीस सरांनी माझी वही दोन बोटांनी उघडली.

"हे काय आहे?"

"क्षेत्रवही, सर."

"वही? मला वाटलं, भाजीवाल्याचा हिशेब." त्यांनी पान उलटलं. "आणि हे सगळं खोडलेलं? आणि हे? पाणी प्यायला आले... हे काय लिहिलंय? तुम्ही परीक्षकाला हे वाचायला देता?"

"सर, ते तिथं मला..."

"फेअर कुठंय?"

"फेअर नाहीये, सर. आम्हाला हीच..." मी मॅडमकडे पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या. बाहेर सायकल स्टँड होता.

सबनीस सरांनी गठ्ठ्यातली सगळ्यात वरची वही उचलली आणि माझ्या वहीशेजारी उघडून ठेवली. "हे बघा. याला म्हणतात काम." अक्षर मला ओळखायला क्षणही लागला नाही. दोन वर्षं त्या अक्षरातल्या चिठ्ठ्या मी माझ्या उशीवर वाचल्या होत्या, डबा खाऊन घे, मला उशीर होईल. पहिला दिवस, पहिली तारीख. 'दुसऱ्या वळणावरील लाल माती ही दरडीने आलेली असून थर नव्हे. एकूण थर आठ.' खाली सुरेख आकृती, दरडीचा बाण लाल शाईत.

"या मुलीला पहिल्या दिवशी आठ दिसले," सबनीस सर म्हणाले. "तुम्हाला तीन दिवस लागले. तेही पाणी प्यायला गेलात म्हणून."

मी बोलू शकत होते. सर, ते तिला मी दाखवलं, एवढंच वाक्य. पण ते म्हटलं असतं तर तृप्तीची वही खोटी ठरली असती, आणि तिची एकटीची नाही, सगळा गठ्ठा. तो गठ्ठा कसा झाला हे मला अजून कळलं नव्हतं. मला वाटलं, मॅडमना माहीतच नसणार. मला वाटलं, पोरांनी त्यांना फसवलंय आणि त्या आत्ता, या क्षणी, ते बघून सुन्न झाल्यात. म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी फक्त एक वाक्य बोलावं. ही माझी पद्धत आहे. चार शब्द.

"काही विचारायचंय तुम्हाला, मॅडम?" सबनीस सरांनी विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढची मुलगी पाठव, ज्योत्स्ना."

एरवी त्या मला हंगरगे म्हणायच्या.

शनिवारी कागद लागला. हंगरगे, आठ. वाघचौरे, बावीस. बाकी सगळे सोळाच्या वर. मी बोर्डासमोर उभी राहून ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं, दुसऱ्याच कुणाचे मार्क माझ्यापुढं आले असतील म्हणून.

तृप्ती रूमवर बॅग भरत होती. मला बघून तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"मॅडमनीच सांगितलं होतं," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "सोमवारी. सबनीस सर येतायत, त्यांना स्वच्छ वही लागते, सगळ्यांनी फेअर करून आणा. खाडाखोड नको."

मी खाटेवर बसले. "मी कोठीत होते."

"हो."

"तुम्ही कुणी मला..."

"मॅडम म्हणाल्या, हंगरगेला कुणी सांगू नका, तिला मी स्वतः सांगते. आईशप्पथ ज्योत्स्ना. मला वाटलं सांगितलं असेल."

"बुधवारी मी तुझ्यासमोर बसून वहीचं सुटलेलं पान चिकटवत होते."

तिनं टॉवेल उचलून त्याची घडी मोडून परत घातली.

"आणि आठ? पहिल्या दिवशीच?"

"फेअरमध्ये कोण चुकीचं लिहितं गं?" ती एकदम चिडून म्हणाली, आणि लगेच रडायला लागली. "तूच तर सांगितलंस मला!"

"तुला कळावं म्हणून सांगितलं होतं."

मी उठले आणि डिपार्टमेंटला गेले. शनिवारी दुपारी तिथं कुणी नसतं. मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या थर्मासमधून कपात चहा ओतत होत्या. मला बघितलं आणि दुसरा कप काढला. म्हणजे माझी वाट बघत होत्या.

"बस."

"उभीच बरी आहे. मॅडम, सोमवारी तुम्ही सगळ्यांना सांगितलंत."

"हो."

"मला नाही."

"नाही."

मला वाटलं होतं, त्या काहीतरी कारण देतील. विसरले, वेळ मिळाला नाही. मी ते कारण लगेच मान्य करायच्या तयारीनं गेले होते.

"मागच्या वर्षी सबनीसांनी माझ्या अख्ख्या बॅचला साठ टक्क्यांच्या खाली बसवलं," त्या म्हणाल्या. "खाडाखोड म्हणून. डिपार्टमेंटनं मला लेखी विचारलं, तुमच्याच विषयात मुलं का पडतात. या वर्षी पुन्हा तेच येणार कळलं. काय करायचं मी? नऊ पोरांची आयुष्यं आहेत."

"दहा आहेत मॅडम."

त्यांनी कप खाली ठेवला.

"बावीस वर्षं मी असं शिकवतेय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत मला तुझ्यासारखी वही मिळाली नाही. मला एकदा बघायचं होतं. ती वही, आहे तशी, एखाद्या सबनीससमोर जावी. त्यानं ती उघडावी आणि त्याला कळावं. एकदा तरी. तुला सांगितलं असतं तर तूही फेअर केली असतीस."

"केली असती," मी म्हणाले. "दोन दिवसांत केली असती. सगळ्यांत सुंदर केली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

बाहेर कुणाची तरी सायकल पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघीही तिकडं बघून पुन्हा एकमेकींकडे वळलो.

"पण त्यांना नाही कळलं," मी म्हणाले. "मग तुम्ही बोलायचं होतंत."

"बोलणार होते."

"मी तुमच्याकडे बघत होते."

"माहीत आहे मला. म्हणून तर खिडकीकडे बघत होते." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "बोलले असते तर गठ्ठ्यातली प्रत्येक वही त्यांनी उघडून विचारली असती. कुणी सांगितलं फेअर करायला? मी काय उत्तर देणार होते?"

"आणि ती जागा?"

"नियमाप्रमाणे वाघचौरेला द्यावी लागेल."

"मी बी.एड. सोडलं, मॅडम. तुम्ही सोळा आणे म्हणाला होतात."

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. पुढं काही म्हणाल्या नाहीत. माफ कर, असंही नाही. मी तेवढ्यासाठी थांबले होते असं नाही, पण थांबले होते.

मी वळले तेव्हा त्यांनी हाक मारली. टेबलाच्या खणातून त्यांनी माझी वही काढली. "जमा झालेल्या वह्या रद्दीत जातात. ही मी ठेवून घेऊ? पुढच्या मुलांना दाखवायला. वही कशी असावी ते."

मी हो म्हणाले.

नवरा पुढं कधीतरी हे ऐकून म्हणाला, फाडून टाकायची होतीस तिच्यासमोर. त्याला काय सांगणार? बावीस वर्षांतली सगळ्यांत चांगली वही, हे त्या बाईनं मला आत्ताच सांगितलं होतं. आठ मार्कांशिवाय माझ्याजवळ दुसरं होतं काय? मी वही तिच्याजवळ ठेवली म्हणजे ते वाक्यही कुठंतरी राहणार होतं.

नाना स्टँडवर न्यायला आले होते. त्यांनी माझी ट्रंक सायकलला बांधली. अर्ध्या वाटेवर विचारलं, "कितीपैकी आठ?"

"पंचवीस."

"हां," ते म्हणाले. मग बरंच पुढं गेल्यावर, "आपण पुढच्या वर्षी परत भरू फॉर्म. काय होतंय एका वर्षानं." पुढच्या वर्षी सरकारी कॉलेज मिळालं नाही. खाजगी मिळालं, दोन जिल्हे ओलांडून. तिथून बी.एड. केलं. आता ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते.

हे सगळं झालं त्याला नऊ वर्षं झाली. मी ते मनातून काढून टाकलं होतं असंच समजून चालले होते. मागच्या महिन्यापर्यंत.

मी सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. लेक अडीच महिन्यांची. माझ्या रजेच्या काळासाठी कॉलेजनं करुणा ढोबळे नावाची एक नवी मुलगी घेतलीय. अभ्यासक्रम कुठवर झाला, प्रात्यक्षिकं कशी घेता, हे विचारायला तिचे फोन यायचे. पहिल्याच फोनवर तिनं मला ताई करून टाकलं. ताई, हे कसं करू. ताई, ते कुठं ठेवलंय. एका रविवारी ती बाळाला बघायला आली. हातानं शिवलेलं झबलं-टोपडं घेऊन. बाळानं तिचं बोट धरलं ते सोडेचना.

"ताई, हिला दगड आवडणार बघा, काय पकड आहे!" ती म्हणाली. "माझी एम.एस्सी. भूशास्त्राची. इथं नाइलाजानं भूगोल."

"माझीही."

"कुठून?"

मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले. "मग पेंढारकर मॅडम होत्या तुम्हाला? ताई, तुमचं माहेरचं आडनाव काय?"

"हंगरगे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ज्योत्स्ना हंगरगे? वहीवाल्या?"

मी बाळाचं टोपडं सारखं केलं. ते सारखंच होतं.

"ताई, तुमची वही काचेच्या कपाटात आहे! पहिल्याच तासाला मॅडम ती काढतात. हात धुऊन या म्हणतात. ते दुसरं वळण, ते पाणी प्यायला गेलात ते... पाठ आहे मला सगळं." ती भराभर बोलत होती. "मॅडम सांगतात, बघा, खाडाखोडीला घाबरू नका. या मुलीला मी पंचवीसपैकी पंचवीस दिले होते."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही.

"तुला किती मिळाले?" मी विचारलं.

तिचा चेहरा जरा उतरला. "सात. परीक्षक म्हणाले, ही वही आहे की रद्दी. मी तुमच्या वहीसारखीच लिहिली होती, ताई. एकेक रेघ तशीच. बाकीच्यांनी आधीच फेअर केल्या होत्या, मला नंतर कळलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. मग मला वाटलं, माझीच तितकी चांगली नसेल. तुमच्याइतकी. नाहीतर तुम्हाला कसे मिळाले? खूप वर्षं वाटायचं, तुम्ही कधी भेटलात तर विचारावं, की तुमच्या वहीत असं काय होतं."

बाळानं तिचं बोट तोंडाकडं ओढलं होतं. तिनं ते हळूच सोडवून घेतलं.

"मला आठ मिळाले होते," मी म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. "आठ थर?"

"आठ मार्क. पंचवीसपैकी."

ती हसली, मी थट्टा करतेय असं समजून. मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. मी तिला सगळं सांगितलं. कोठी, गठ्ठा, खिडकी. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं.

"म्हणजे ती वही तुम्ही त्यांना दिलीत," ती म्हणाली.

"हो."

"दाखवायला."

"हो."

"आणि नऊ वर्षांत हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाही? डिपार्टमेंटला एक पत्रसुद्धा नाही?"

"मला काय माहीत त्या काय सांगतात ते," मी म्हणाले. हे खरं होतं. पण वही कशासाठी ठेवून घेतली, ते मला माहीत होतं.

करुणानं झबल्याचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. बाळाच्या कपाळाला हात लावला, आणि उठली.

"चहा टाकते गं. बस ना," मी म्हणाले.

"नको. उशीर झालाय." ती दारात चपला घालत होती, माझ्याकडे पाठ करून. "येते, मॅडम."